कृष्णेच्या काठाने, तीन संगमांपर्यंत : महाबळेश्वर ते हरिपूर गाडीने

साताऱ्याकडे पहिल्यांदाच गाडी घेऊन येणारे बहुतेकजण महाबळेश्वर गाठतात, दोन दिवसांत दहा-बारा पॉइंट पाहतात आणि आल्या वाटेने परत जातात. यात निसर्ग दिसतो, पण प्रदेश कळत नाही. माझं सांगणं एवढंच आहे : एक नदी धरा आणि तिच्याबरोबर खाली उतरत जा. कृष्णा त्यासाठी फार सोयीची आहे. ती क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते, धोम-वाईवरून साताऱ्याजवळ येते, कराडला वळते आणि सांगलीजवळ हरिपूरपर्यंत तुम्हाला सोबत करते. वाटेत तिला वेण्णा, कोयना आणि वारणा मिळतात. या तीन संगमांवर थांबत गेलात की जांभ्याचं पठार, घाट, काळी जमीन, ऊस, द्राक्षं आणि हळद असा बदलत जाणारा मुलूख दोन दिवसांत डोळ्यांखालून जातो.

आधी वेळ ठरवा. दिवाळीच्या आसपासपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ नवख्यांसाठी सगळ्यात चांगला. नदीला पाणी असतं, हवा स्वच्छ असते, दरीचं दूरवरचं दिसतं. सप्टेंबरअखेर डोंगर हिरवेगार असतात, पण दुपारी कधीही सर येते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हा संपूर्ण मार्ग एका दमात करायला जाऊ नका. महाबळेश्वरात धुकं इतकं दाट असतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा जेमतेम दिसतो, घाटात दरडी येतात आणि खाली सांगलीकडे नदी पात्राबाहेर पडायला आलेली असते. एप्रिल-मेमध्ये वर गर्दी आणि खाली चाळिशीचं ऊन, म्हणजे दोन्हीकडून गैरसोय.

गाडीची तयारी फार मोठी नाही, पण ब्रेक, टायरची हवा, स्टेपनी, कूलंट आणि वायपर हे निघायच्या आधी मेकॅनिककडून बघून घ्याच. टाकी महाबळेश्वरात किंवा वाईत भरून घ्या. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, कारण पुणे-बंगळूर महामार्गावर साताऱ्याच्या अलीकडे आनेवाडी आणि कराडच्या अलीकडे तासवडे असे दोन टोलनाके लागतात. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. दरीच्या बाजूला रेंज जाते. आदल्या रात्री मुक्काम महाबळेश्वर किंवा पाचगणीत करा. पुण्या-मुंबईहून पहाटे निघून त्याच दिवशी हा प्रवास सुरू केलात तर वाईला पोचेपर्यंतच दमून जाल.

आता पहिला दिवस. सकाळी सातच्या सुमाराला क्षेत्र महाबळेश्वरला पोचा. बाजारपेठेपासून ते सहाएक किलोमीटरवर आहे. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे उगम मानले जातात. इथे दर्शन घ्या, पण तिथेच थांबू नका. जवळच, थोडं चालून गेलं की काळ्या दगडातलं कृष्णाबाईचं जुनं मंदिर आहे. पंचगंगेवर रांग असली तरी इथे बहुधा शांतता असते. गोमुखातून पाण्याची बारीक धार कुंडात पडते आणि मंदिरापुढे दरी उघडते. ही दरी नीट बघून ठेवा. दिवसभर तुम्ही तिच्यातच उतरणार आहात.

इथेच एक गोष्ट मनात पक्की करा, म्हणजे पुढचा प्रवास कळेल. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. बाकीच्या मोठ्या तिघी पूर्वेच्या, पण वाटा तिघींच्या वेगळ्या. कृष्णा धोम-वाईच्या खोऱ्यातून जाते. वेण्णा मेढ्यावरून, कण्हेर धरणातून साताऱ्याकडे येते. कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेला बरंच अंतर जाते, शिवसागर जलाशयात भरून राहते आणि हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळून पाटणवरून कराडला पोचते. एका डोंगरावरून निघालेल्या या नद्या पुन्हा एकमेकींना कुठे भेटतात, ते तुम्हाला गाडीने बघायचं आहे.

महाबळेश्वरहून पाचगणीच्या वाटेला लागलात की डावीकडे आत केट्स पॉइंटचा फाटा आहे. सगळे पॉइंट सोडलेत तरी चालतील, हा सोडू नका. खाली बलकवडी आणि धोम या दोन्ही धरणांचं पाणी दिसतं. सकाळी नऊच्या आत गेलात तर ऊन तिरपं असतं आणि डोंगरांच्या सोंडा एकामागे एक वेगवेगळ्या उठून दिसतात. माकडांना काही खायला देऊ नका आणि गाडीच्या काचा बंद ठेवा. स्ट्रॉबेरी घ्यायची तर डिसेंबर ते मार्चमध्ये, आणि रस्त्याकडेच्या शेतावरून घ्या.

पाचगणी सोडली की पसरणीचा घाट लागतो. नवख्या चालकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इथेच. जुने ड्रायव्हर सांगतात तो नियम अजूनही खरा आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. म्हणजे दुसरा, फार तर तिसरा. गाडी न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचवणं हा वेडेपणा आहे, कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो. सतत ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक तापतात आणि नेमके शेवटच्या वळणांवर धरेनासे होतात. थोडं दाबा, सोडा, इंजिनाला गाडी धरू द्या. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालच्या गिअरची सोय कशी वापरायची, ते आदल्या दिवशीच शिकून घ्या. जळका वास आला तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. एसटी समोरून वळणावर येताना दिसली तर वळणाच्या अलीकडेच थांबा, कारण तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो. आंधळ्या वळणावर हॉर्न आणि रात्री डिपर द्या. फोटोसाठी वळणावर गाडी लावणाऱ्यांमुळे दर शनिवार-रविवारी इथे खोळंबा होतो. तुम्ही त्यात भर घालू नका. कठड्याजवळ रुंद जागा आहेत, तिथे थांबा. तिथून वाईचं सगळं खोरं दिसतं आणि मधे कृष्णेची वळणं.

वाईत उतरल्यावर गाडी बाजारात नेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत. बाहेर कुठेतरी लावून घाटावर चालत जा. गणपती घाटावरचा ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत असतो. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेलं हे मंदिर 1762 सालचं. लोक पुढून दर्शन घेतात आणि निघतात. तुम्ही मात्र मंदिराला वळसा घालून मागे जा आणि भिंत बघा. ती सरळ नाही. माशाच्या आकाराची, टोकाकडे निमुळती होत गेलेली आहे. पुराचं पाणी येऊन आदळलं की या टोकावर दुभंगावं आणि दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून ती तशी बांधली. दगडांवर हात ठेवून बघा, सांधे किती घट्ट बसवलेत ते कळेल. नदीच्या इतकं जवळ देऊळ बांधायचं आणि नदीला तिची वाटही ठेवायची, हा विचार त्या भिंतीत आहे. या प्रवासात पुढे सांगलीपर्यंत पुराच्या खुणा भेटत राहतील; त्यांची सुरुवात इथून करा.

वाईहून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. घाटावरच्या लहानशा देवळात मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती घंटा. पुढे धोमला नरसिंहाचं देऊळ आहे आणि त्याच आवारात महादेवासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर, कुंडाच्या मधोमध बसवलेला आहे. कुंडात पाणी भरलं की कासव तरंगल्यासारखं दिसतं. धरण मागेच आहे. जलाशयात पोहायला उतरू नका. काठ एकदम खोल होतो.

जेवण वाईतच उरका. भाकरी, खर्डा आणि कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी मिळाली तर दुसरं काही मागवू नका. ही वांगी या खोऱ्याची ओळख आहे आणि हिवाळ्यात ती खरी लागतात.

वाईहून पाचवडला महामार्गाला लागा आणि साताऱ्याच्या दिशेने निघा. आनेवाडीचा टोल झाला की लिंब फाट्यावरून आत वळा. बारा मोटेची विहीर बघायला हवी. वीरूबाई भोसले यांनी शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत ती बांधून घेतली. अष्टकोनी मोठी विहीर, तिला जोडून दुसरी लहान विहीर आणि दोघींच्या मधे पाण्यावर उभा असलेला छोटा महाल. जिना उतरून आत गेलात की बाहेरचं ऊन विसरायला होतं. वर मोटा बसवायच्या दगडी जागा अजून शाबूत आहेत. नदी शेजारी असतानाही शेतीसाठी एवढी विहीर का लागली, हा प्रश्न तिथे उभं राहून स्वतःला विचारा. उत्तर सोपं आहे : नदी खाली, शेत वर. पाणी उचलायची हीच अडचण उद्या तुम्हाला पंपांच्या रूपात दिसेल.

संध्याकाळी पहिला संगम. साताऱ्याहून कोरेगाव रस्त्याने पाच किलोमीटरवर माहुली. वेण्णा इथे कृष्णेला मिळते. एका तीरावर संगम माहुली, दुसऱ्या तीरावर क्षेत्र माहुली. संगम माहुलीतलं काशी विश्वेश्वराचं देऊळ बघा, महाराणी येसूबाईंच्या समाधीपुढे डोकं टेकवा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. देवळांची शिखरं आणि नक्षी बघायला उजेड हवा, म्हणून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. मुक्काम साताऱ्यात. दिवसभराचा प्रवास सव्वाशे किलोमीटरच्या आतच होतो, पण त्यात सकाळ-संध्याकाळ दोन्ही जातात. घाटातले तीस किलोमीटर हे महामार्गावरच्या तीस किलोमीटरांसारखे नसतात. वेळ नेहमी तासांत मोजा. कंदी पेढे रात्रीच घेऊन ठेवा, सकाळी दुकानं उशिरा उघडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सातारा सोडा. कराड पन्नासेक किलोमीटर. महामार्गावर जिथे रुंदीकरणाची कामं आहेत तिथे वळणरस्त्याच्या पाट्या अचानक येतात, म्हणून उजवी लेन धरून वेगाने जाण्याचा मोह टाळा. आदल्या दिवशीचे डोंगर आता उजवीकडे मागे सरकतात, जमीन सपाट आणि काळी होत जाते, उसाचे पट्टे सुरू होतात.

कराडचा प्रीतिसंगम हा या वाटेवरचा दुसरा संगम, आणि माझ्या मते सगळ्यांत देखणा. साधारणपणे नद्या तिरक्या येऊन मिळतात. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात आणि एक होऊन पूर्वेकडे वळतात. घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की दोन्ही प्रवाह डोळ्यांसमोर असतात. कोयनेचं सगळं पाणी मात्र इथवर येत नाही. शिवसागरातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे, कोकणाच्या बाजूला वीज करण्यासाठी सोडलं जातं. उरलेलं इथे पोचतं आणि कृष्णेला मिळतं. संगमाच्या काठावरच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. बागेत सकाळी कराडकर फिरायला येतात. त्यांच्यापैकी कुणा आजोबांना पूर किती वर आला होता ते विचारा, पायरीवर नेऊन दाखवतील.

कराडहून सांगलीला जायला दोन रस्ते आहेत. बहुतेक गाड्या महामार्गाने पेठनाक्यापर्यंत जाऊन आष्ट्यावरून सांगली गाठतात. तो लवकरचा आहे. तुम्ही तासगावच्या रस्त्याला लागा : कार्वे, शेणोली, ताकारी. रेल्वे आणि नदी दोन्ही आसपास राहतात. रस्ता दुपदरी आहे आणि ऊस हंगामात, म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, त्याच्यावर ट्रॅक्टरांचं राज्य असतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर रस्त्याबाहेर डोकावणारा ऊस. ओव्हरटेक करायला गेलात की पुढची ट्रॉली संपायच्या आधी समोरून गाडी येते. दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून लांबी किती, याचा अंदाज घेऊन, सरळ रस्ता पूर्ण दिसत असेल तेव्हाच पुढे जा. बैलगाड्यांना तर मागे दिवाच नसतो. म्हणून या भागात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, हा माझा आग्रह आहे.

ताकारीजवळ सागरेश्वर अभयारण्य. उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडं लावून, राखून, माणसांनी उभं केलेलं हे जंगल. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं आणि 1985 साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. चितळ, सांबर, काळवीट दिसण्याची शक्यता सकाळी आणि उन्हं उतरताना जास्त. वरच्या टोकावरून कृष्णेचं हिरवं खोरं एका बाजूला आणि कोरडे माळ दुसऱ्या बाजूला दिसतात. जिथून तुम्ही निघालात त्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इथे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. सह्याद्रीचा माथा ढगांचं पाणी आधीच उतरवून घेतो आणि पूर्वेला उरतं ते थोडं. नदी नसती तर हा पट्टा माळासारखाच असता. टेंभू आणि ताकारी या उपसा योजना कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून दुष्काळी गावांकडे नेतात. काल लिंबला पाहिलेल्या मोटांचंच हे मोठं रूप. जवळचं देवराष्ट्रे हे यशवंतरावांचं जन्मगाव. घर बघायला अर्धा तास पुरतो.

वेळ असेल तर ताकारीहून इस्लामपूरच्या रस्त्याने बहेला जाऊन या. कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आहे आणि तिथला मारुती समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक. पाणी अडवण्यासाठी मारुतीने दोन्ही हात पसरले, अशी कथा आहे आणि नदी खरोखरच बेटाला दोन्ही बाजूंनी वेढून जाते. पावसाळ्यात मात्र बेटावर उतरू नका. हीच गोष्ट नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांची. त्यांच्यावरून पलीकडे जायला अरुंद रस्ते असतात आणि स्थानिक लोक बिनधास्त जातात. बंधाऱ्यावरून बोटभर जरी पाणी वाहत असेल तरी गाडी घालू नका. पाण्याखाली कठडा कुठे संपतो ते दिसत नाही.

पुढे कुंडल, पलूस, भिलवडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव. बागेत न विचारता शिरू नका, औषध फवारलेलं असतं. शेतकऱ्याला हाक मारून विचारलंत तर तो स्वतः घड तोडून देईल. भिलवडीहून पूल ओलांडून औदुंबरला जा. दत्ताचं स्थान, नृसिंह सरस्वतींनी इथे चातुर्मास केला. औदुंबराची गर्द सावली, लांबलचक घाट आणि पैलतीरावर भुवनेश्वरीचं देऊळ. इथे बसून घरून आणलेली शिदोरी खावी. पण पाण्यात पाय सोडून बसू नका. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. पाटी असो वा नसो, मुलांना पायऱ्यांच्या शेवटी जाऊ देऊ नका.

औदुंबरहून परत भिलवडीला येऊन वसगडे-नांद्रे मार्गे सांगली. गणपतीचं दर्शन घेऊन आयर्विन पुलावर चालत जा. 1929 सालचा हा दगडी पूल सांगलीकरांची पूरमापी आहे : पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 फुटांवर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं. पुलावरून खाली बघितलं की या आकड्याचा अर्थ कळतो, आणि वाईच्या त्या भिंतीचाही.

तिसरा संगम हरिपूरला, सांगलीपासून चारेक किलोमीटरवर. वारणा चांदोलीच्या डोंगरांतून येते आणि संगमेश्वराच्या देवळाजवळ कृष्णेला मिळते. हरिपूर म्हणजे हळदीच्या पेवांचं गाव. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे खड्डे. त्यात हळद भरून तोंड मातीने बंद केलं की ती वर्षानुवर्षं किडत नाही. इथली मातीच तशी आहे. 2005 च्या पुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची गेली. उरलेल्यांपैकी एखादं बघायचं असेल तर गावात विचारा. पेव उघडं असेल तर तोंडाजवळ वाकू नका. आतली हवा गुदमरवणारी असते आणि आत उतरण्याआधी जाणकार लोकही कंदील सोडून बघतात.

गाडी देवळाच्या रस्त्यावर न लावता गावाबाहेर लावा, परतताना वळवायला जागा मिळते. मुक्काम सांगलीत करा, भडंग बांधून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आष्टा-पेठनाका मार्गे महामार्गाला लागा. आणखी एक दिवस हाताशी असेल तर पुढे नृसिंहवाडी आहे. तिथे पंचगंगा कृष्णेला मिळते आणि सांगलीहून तासाभरात पोचता येतं.